तुम्ही विचारलंत म्हणून : पीडितांना खटल्यात पक्षकार कशाला करायचं?

या विषयावर कुठेही बोलले की हा प्रश्न येतोच. नरसंहारातून वाचलेल्यांना खटल्यात पक्षकार करून मिळतं काय? साक्ष घ्या आणि सोडा, जखमा कशाला उकरता? विचारणाऱ्याच्या मनात दया असते, म्हणून आजवर मी सौम्यपणे उत्तर देत आले. आता सरळ सांगते. साक्षीदाराने विचारलं तेवढंच बोलायचं असतं. पक्षकाराला स्वतःचा वकील असतो, आणि त्याच्या तोंडून आरोपीला प्रश्न विचारता येतो. 'माझ्या भावाचं काय केलंत?' हे सरकारी वकिलाला सुचेलच असं नाही. त्याला गुन्हा सिद्ध करायचा असतो.

तुम्ही लगेच कंबोडियाचं नाव घेता. घ्या. तेच मलाही टोचतं.

कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजची राजवट होती. तिच्या तुओल स्लेंगच्या एस-२१ तुरुंगात किमान १२,२७२ माणसं मारली गेली, असं संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने तिथे उभारलेल्या विशेष न्यायालयाने नोंदवलं. तुरुंगप्रमुख डुच याच्यावर २००९ मध्ये राजधानी नोम पेन्हला खटला चालला. मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक आणि मोजके वाचलेले असे ९० जण शेवटपर्यंत पक्षकार होते. त्यांनी महिनोन् महिने सुनावणी ऐकली. काहींनी डुचसमोर उभं राहून आपल्या माणसाबद्दल सांगितलं. मधेच न्यायाधीशांनी ठरवलं की पक्षकारांच्या वकिलांनी शिक्षेबद्दल बोलायचं नाही आणि आरोपीच्या स्वभावाबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत. तेव्हा अनेकांनी सुनावणीवर बहिष्कार टाकला. तरीही ते परत आले. नोव्हेंबरमध्ये, वारंवार माफी मागून झालेल्या डुचने शेवटच्या दिवशी सुटकेचीच मागणी केली. तेही त्यांनी ऐकलं.

मग २६ जुलै २०१० चा निकाल. पक्षकार म्हणून त्यांना घेतलं होतं ते तात्पुरतं, हे तिथे ठळक झालं. निकालपत्रातच २४ जणांना बाद केलं. कारण पुराव्याचं होतं : आपला माणूस एस-२१ मध्येच होता, किंवा त्याच्याशी जवळचं नातं होतं, हे पुरेसं सिद्ध झालं नाही. ज्या राजवटीने घरंच्या घरं पुसून टाकली, तिच्या बळींकडे नात्याचे कागद मागितले. आणि नुकसानभरपाई कोणती? पैसे नाहीत. डुचच्या माफीनाम्यांचं संकलन, आणि पक्षकारांची नावं निकालपत्रात छापणं. म्हणजे बाद झालेल्यांना तेवढंही नाही. २०१२ च्या अपिलात त्यांच्यातल्या दहा जणांना मान्यता मिळाली. बाकीच्यांना नाही.

हे वाचलं तेव्हा माझ्याच जुन्या व्याख्यानांचा राग आला. 'बोलल्याने मन हलकं होतं' असं मी म्हणत असे. व्याख्यानं देणाऱ्या तेव्हाच्या त्या मुलीला, म्हणजे मलाच, आज विचारावंसं वाटतं : कोणाचं हलकं होतं, आणि किती दिवस? पण तीही गप्प बसत नाही. ती म्हणते, बहिष्कार कोणी घातला ते बघ. केवळ साक्षीदार असते तर त्यांना बहिष्कार घालता आला असता का? याला माझ्याकडे उत्तर नाही.

दोष पक्षकारांच्या छाननीच्या वेळेचा होता, असं मी अजून मानते. त्याच न्यायालयाच्या पुढच्या खटल्यात ती सुरुवातीलाच करायचं ठरलं. बरं झालं. पण त्याच दुरुस्तीने सगळ्या पक्षकारांचा एक गट केला, भरपाईची एकच मागणी आणि दोन मुख्य वकील. साडेतीन हजारांहून जास्त माणसं, आणि त्यांच्या वतीने बोलणारे दोघं. खटला आटोक्यात ठेवायचा तर दुसरं काय करणार, हे मला कळतं. पण मग 'माझ्या भावाचं काय केलंत?' हा प्रश्न त्या एका मागणीत कुठे बसवायचा, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

आणि तरी पुढच्या वेळी विचाराल, तेव्हा मी त्यांना आत घ्या असंच म्हणेन. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात काँगोचा माजी उपराष्ट्राध्यक्ष बेम्बा याच्या खटल्यात पाच हजारांवर पीडित सहभागी होते. २०१८ मध्ये तो अपिलात सुटला. हे ठाऊक असूनही म्हणेन.