इशारा न येण्याचा अर्थ

इंदूरच्या दवा बाजारातील एका स्टॉकिस्टकडे साठ्याच्या आणि विक्रीच्या नोंदी पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की मोबाइलवर आपोआप इशारा यावा, अशी व्यवस्था करायचे ठरले, तेव्हा मालकांनी एकच प्रश्न विचारला: "फोन वाजला नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे मी धरून चालायचे का?" या प्रश्नाला होकार देता यावा म्हणून जे करावे लागते, तेच या कामातील खरे काम आहे.

मर्यादा ठरवणे त्यामानाने सोपे असते. एखाद्या औषधाची रोजची सरासरी विक्री ४० पाकिटे असेल, डेपोतून माल यायला ३ दिवस लागत असतील आणि ६० पाकिटे राखीव हवी असतील, तर साठा १८० वर येताच मागणी नोंदवली पाहिजे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील साठा गूगल शीटमध्ये उतरवावा आणि अ‍ॅप्स स्क्रिप्टने, म्हणजे शीटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामने, दर १५ मिनिटांनी तो तपासून ईमेल पाठवावा, एवढे कोणीही तासाभरात जमवू शकेल. मात्र दर १५ मिनिटांनी म्हणजे दिवसातून ९६ वेळा तपासणी होते, आणि साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला १०० जणांनाच ईमेल पाठवता येतात. साठा कमी असेपर्यंत प्रत्येक तपासणीला ईमेल जात राहिला, तर दोनच औषधे दुपारपर्यंत ही मर्यादा संपवतील आणि खरोखर तातडीचा निरोप निघणारच नाही. म्हणून प्रत्येक औषधासमोर त्याची मागची स्थिती लिहून ठेवावी आणि ती बदलली तरच ईमेल पाठवावा. शिवाय दिवसभर विक्री आणि परतीचा माल यांमुळे साठा १७८ आणि १८३ यांच्या दरम्यान हेलकावत राहतो. त्यामुळे १८० ला दिलेला इशारा साठा २२० च्या वर गेल्याशिवाय मागे घेऊ नये.

इन्सुलिनच्या फ्रीजला हाच नियम जसाच्या तसा लावता येत नाही. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे, पण माल काढताना दार उघडले की लॉगर (तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र) क्षणभर ९ अंश दाखवतो. सलग १५ मिनिटे ८ च्या वर राहिले तरच इशारा द्यावा, हे वरच्या बाजूला योग्य ठरते. खालच्या बाजूला मात्र मी थांबत नाही, ३ अंशांवरच इशारा देतो. कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी वापरण्याजोगे राहत नाही.

विक्री घटल्याचा इशारा सर्वांत फसवा. रविवारची तुलना शनिवारशी केली, किंवा राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) निघते त्या रंगपंचमीचा दिवस सुट्टीच्या यादीत घातला नाही, तर खोटा इशारा ठरलेलाच. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या नियंत्रण आलेखात सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांची मर्यादा घेतात; प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचे माप. आकडे प्रसामान्य वितरणाचे, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले, असतील तर सारे सुरळीत असतानाही हजारात सुमारे ३ आकडे या मर्यादेबाहेर पडतात. २००० औषधांवर अशी नजर ठेवली तर रोज ५ तरी खोटे इशारे येणार, आणि विक्रीचे आकडे तर अनेकदा इतकेही शिस्तीचे नसतात. म्हणून ही पद्धत मी एकूण विक्रीला आणि मोजक्या औषधांनाच लावली. बाकीच्यांची यादी सकाळी एकदाच जाते.

एवढे करूनही मालकांच्या प्रश्नाचे उत्तर अपुरेच राहते. इंटरनेट बंद पडले किंवा टॅलीतून नोंदी येणे थांबले, तर शीटमध्ये कालचे, मर्यादेत बसणारे आकडे तसेच राहतात आणि फोन शांत राहतो. त्यामुळे शेवटच्या नोंदीची वेळ हाही तपासण्याचा आकडा मानावा. लॉगरची नोंद अर्ध्या तासाहून जुनी झाली तर इशारा गेलाच पाहिजे. स्क्रिप्टच बंद पडली तर तिला ते सांगता येणार नाही, यासाठी तिने ठरावीक वेळाने दुसऱ्या स्वतंत्र सेवेला खूण पाठवावी आणि खूण चुकली तर त्या सेवेने फोन करावा. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या आलेख-अहवाल साधनाच्या डॅशबोर्डवरील इशाऱ्यांनाही डेटा ताजा झाला तरच बदल कळतो आणि प्रो परवान्यात ते वेळापत्रकानुसार दिवसाला ८ वेळाच होऊ शकते. मासिक उलाढालीला ते पुरेसे असले तरी फ्रीज त्यावर सोडता येत नाही.

फ्रीजचा इशारा पहिल्यांदा गोदामाजवळ राहणाऱ्या माणसाला जातो. त्याने १० मिनिटांत उत्तर दिले नाही तर मालकांना. महिन्यातून एकदा, त्याला आधी न सांगता, लॉगरचा सेन्सर मी फ्रीजबाहेर काढून ठेवतो आणि फोन किती मिनिटांनी वाजला ते फ्रीजच्या नोंदवहीत लिहितो.