लाल चिखलातून स्कँडियम काढताना : माझा अनुभव

अ‍ॅल्युमिना कारखान्यामागच्या तळ्यात साठलेल्या लाल चिखलात, म्हणजे बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या गाळात, टनामागे सुमारे १०० ग्रॅम स्कँडियम आहे, असा विश्लेषणाचा अहवाल हातात पडला तेव्हा मी हरखून गेलो होतो. या चिखलातून शुद्ध स्कँडियम ऑक्साइड काढून दाखवायचे आणि ते विकून खर्च निघतो की नाही हे सांगायचे, अशी दुहेरी जबाबदारी माझ्याकडे आली होती. पहिला भाग अवघड आणि दुसरा निव्वळ हिशेबाचा, असा माझा समज होता. तो चुकीचा ठरायला दीड वर्ष लागले.

स्कँडियमची गणना १७ दुर्मीळ मृदा धातूंत होते, पण पृथ्वीच्या कवचातले त्याचे प्रमाण शिशापेक्षा जास्त आहे. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये 'एकाबोरॉन' या नावाने त्याचे भाकीत केले आणि १८७९ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ निल्सनने त्याचा ऑक्साइड खनिजातून वेगळा केला. प्रत्यक्ष धातू मात्र १९३७ मध्ये प्रथम हाती आला. अडचण प्रमाणाची नाही, विखुरलेपणाची आहे. थॉर्टव्हाइटाइटसारखे स्कँडियमने समृद्ध खनिज इतके विरळ सापडते की त्यावर खाणउद्योग उभा राहत नाही, आणि बाकी सगळीकडे हा धातू लोह, मॅग्नेशियम वा टायटॅनियमच्या खनिजांत चिमूटभर मिसळलेला असतो. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवले की अ‍ॅल्युमिना विरघळून निघून जातो, स्कँडियम विरघळत नाही, आणि मागे उरलेल्या चिखलात त्याचे प्रमाण मूळ बॉक्साइटच्या जवळपास दुप्पट होते. आमच्या सगळ्या आशा या एका गोष्टीवर होत्या.

पहिल्या चाचणीत आम्ही चिखल सौम्य गंधकाम्लात ढवळला. स्कँडियम द्रावणात उतरले, पण त्याबरोबर सिलिकाही उतरली, आणि रात्रभर ठेवलेल्या द्रावणाची सकाळी खळ झालेली होती. पिंप तिरपे केले तर वरचा थर हलेना. गाळणीवर ओतलेला भाग कापडाला असा लिंपून बसला की पंप चालू असूनही खालच्या भांड्यात थेंब पडत नव्हता. यावरचा उपाय थोडा उलट्या वाटेचा आहे. चिखल आधी वाळवून त्यावर अगदी कमी पाण्यासह तीव्र आम्ल ओतायचे, कणीक मळावी तसा गोळा मळायचा, तो तापू द्यायचा आणि मगच पाणी घालायचे. पाण्याच्या अभावी सिलिका विरघळलेल्या स्थितीत फारशी टिकत नाही आणि गाळ मोकळा राहतो. असे केल्यावर गाळणी चालू लागली आणि सुमारे ६५ टक्के स्कँडियम हाती येऊ लागले. टनामागे ४०० किलोच्या आसपास आम्ल लागत होते, आणि त्यातले बहुतेक लोह, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम आणि चिखलातला उरलेला सोडा गिळत होते. ही नोंद मी वहीत केली होती, पण तिचा अर्थ मला तेव्हा उमगला नाही.

पुढचा टप्पा सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनचा, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या सेंद्रिय द्रवाने द्रावणातला हवा तो धातू ओढून घेण्याचा. द्रावणात लिटरला १५ मिलिग्रॅमच्या आसपास स्कँडियम आणि त्याच्या कित्येक शेकडो पट लोह, अशी स्थिती होती. केरोसीनमध्ये मिसळलेले डी-टू-ईएचपीए हे सेंद्रिय आम्ल तीव्र आम्लतेतही स्कँडियम पकडते, म्हणून ते निवडले; पण फेरिक लोह, टायटॅनियम, झिर्कोनियम आणि थोरियम यांनाही ते सोडत नाही. लोहाची भुकटी घालून फेरिकचे फेरस, म्हणजे लोहाचे कमी ऑक्सिडीभूत रूप, केले की लोहाचा त्रास बराच कमी होतो. टायटॅनियमसाठी सेंद्रिय थर गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणाने धुवावा लागतो. हा टप्पा मला मनापासून आवडायचा, कारण त्यात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते: पेरॉक्साइड टायटॅनियमला धरून खाली येताना पाण्याचा थर केशरी होतो, दुसऱ्या धुण्यात पिवळा, तिसऱ्यात जवळजवळ रंगहीन. शेवटी कॉस्टिक सोड्याने स्कँडियम हायड्रॉक्साइडच्या रूपात सोडवून घ्यायचे, आणि इथे दोन थरांच्या मध्ये साबणाच्या फेसासारखा एक चिकट तिसरा थर जमायचा. त्यातच बरेचसे स्कँडियम अडकून राही. केरोसीनच्या थरात मिसळलेल्या ट्रायब्युटिल फॉस्फेट या सहायक द्रवाचे प्रमाण वाढवणे आणि ढवळण्याचा वेग कमी करणे, या दोन साध्या गोष्टींनी तो आटोक्यात आला, पण त्या सापडेपर्यंत चार महिने गेले.

हायड्रॉक्साइड हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून ऑक्झॅलिक आम्लाने अवक्षेप पाडायचा आणि तो भट्टीत भाजायचा, एवढेच उरले होते. स्कँडियमचा ऑक्झॅलेट इतर दुर्मीळ मृदा धातूंच्या ऑक्झॅलेटांपेक्षा जास्त विद्राव्य असतो, त्यामुळे सवयीने आम्ल जास्त ओतले की माल गाळणीखाली वाहून जातो. ही चूक मी दोनदा केली. पहिल्या मुशीतली भुकटी किंचित पिवळसर निघाली, म्हणजे लोह शिल्लक होते. पाचव्या खेपेला ती शुभ्र आली.

त्यानंतर मी विकायला निघालो. स्कँडियमचे दोन मुख्य ग्राहक आहेत. घन ऑक्साइड इंधन घटात (इंधनापासून थेट वीज करणाऱ्या घटात) झिर्कोनिया या सिरॅमिकला स्थिर करून त्याची आयनवाहकता वाढवण्यासाठी ते वापरतात, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत ०.१ ते ०.५ टक्के घातले की त्यात अतिसूक्ष्म कण तयार होऊन धातूचे बळ वाढते, शिवाय वेल्डिंग करताना त्याला तडे कमी जातात. सोव्हिएत काळात मिग-२९ च्या भागांसाठी असे मिश्रधातू वापरले गेले होते. अ‍ॅल्युमिनियमवाले शुद्ध धातू घेत नाहीत. त्यांना २ टक्के स्कँडियम असलेला मास्टर अ‍ॅलॉय, म्हणजे वितळत्या अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडा थोडा घालायचा तयार मिश्रधातू, हवा असतो. म्हणून माझा नमुना एका मास्टर अ‍ॅलॉय करणाऱ्या उद्योगाकडे गेला. नमुना पसंत पडला, फक्त झिर्कोनियम आणि थोरियमची मर्यादा आणखी खाली आणायला सांगितले गेले. मग त्यांनी विचारले, पाच वर्षे सलग पुरवठा कराल का, आणि तुमचा कारखाना बंद पडला तर दुसरा कोण देईल? मी विचारले, पाच वर्षांच्या खरेदीचा करार कराल का? त्यांचे म्हणणे असे की त्यांचा ग्राहक आधी पुरवठ्याची खात्री झाल्याशिवाय विमानाच्या भागात नवा मिश्रधातू घालणार नाही. ही बैठक तीन तास चालली आणि जिथून सुरू झाली तिथेच संपली. दोष त्यांचाही नव्हता. संपूर्ण जगाचा वापर अलीकडच्या अंदाजांनुसार वर्षाला ३० ते ४० टन ऑक्साइड एवढाच आहे. इतक्या लहान बाजारात एक पुरवठादार थांबला तरी सगळ्यांची पंचाईत होते. चीनने एप्रिल २०२५ मध्ये ज्या सात मध्यम व जड दुर्मीळ मृदा धातूंवर निर्यात परवान्याचे बंधन घातले, त्यांत स्कँडियमही होते.

त्या रात्री मी तीच वही काढून हिशेब मांडला. टनामागे १०० ग्रॅम धातू, ६५ टक्के हाती, आणि एका ग्रॅम धातूचा दीड ग्रॅमभर ऑक्साइड होतो, म्हणजे एका टन चिखलातून साधारण १०० ग्रॅम ऑक्साइड. एक किलो ऑक्साइडसाठी १० टन चिखल आणि ४ टन गंधकाम्ल. वर त्या आम्लाचे उदासीनीकरण, त्याचा चुना, आणि शेवटी सुरुवातीपेक्षा जास्त वजनाचा गाळ. उच्च शुद्धतेच्या ऑक्साइडचा भाव २०१५ मध्ये किलोला ५,००० डॉलरच्या वर होता, तो २०२१ पर्यंत २,२०० च्या घरात आला होता. शिवाय दुसऱ्या बाजूने पाहिले तरी पेच सुटत नव्हता: वर्षाला १० लाख टन चिखल टाकणाऱ्या एकाच कारखान्याने तो सगळा प्रक्रियेत घातला तर १०० टन ऑक्साइड निघेल, म्हणजे जगाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त, आणि भाव पार कोसळेल. थोडा माल काढावा तर यंत्रसामग्रीचा खर्च निघत नाही, जास्त काढावा तर भाव टिकत नाही.

मग जे लोक प्रत्यक्ष स्कँडियम विकतात ते कसे विकतात, हे मी पाहिले. क्यूबेकमधल्या सोरेल-ट्रेसी येथे २०२२ पासून ते टायटॅनियम डायऑक्साइडच्या टाकाऊ प्रवाहातून निघते, आणि तिथली सुरुवातीची क्षमता वर्षाला फक्त ३ टन होती. फिलिपिन्समधल्या तागानितो येथे निकेलसाठी खनिज उच्च दाबाखाली आम्लात विरघळवतात आणि त्याच द्रावणातून स्कँडियमचा ऑक्झॅलेट बाजूला काढतात. दोन्ही ठिकाणी खनिज फोडण्याचा खर्च आधीच दुसऱ्या मालाच्या खात्यावर पडलेला आहे. मी मात्र चिखलातले सगळे लोह स्वतःच्या पैशाने विरघळवत होतो.

मी अहवालात चिखलाचा प्रस्ताव मागे घेण्याची शिफारस केली. ती वरिष्ठांना रुचली नाही, पण आकड्यांशी वाद घालणे अवघड होते. त्याऐवजी सल्फेट पद्धतीने, म्हणजे खनिज गंधकाम्लात विरघळवून, टायटॅनियम डायऑक्साइड करणाऱ्या एका कारखान्याचे वापरलेले आम्ल आम्ही दोन पिंपे मागवले. ते हिरवट द्रावण तपासले तेव्हा स्कँडियम लिटरला १२ मिलिग्रॅम निघाले, म्हणजे आमच्या द्रावणापेक्षा कमीच, पण लोह आधीपासून फेरस अवस्थेत होते, सिलिकाची खळ नव्हती, आणि आम्लाचे बिल दुसऱ्याने भरलेले होते. चार महिने घालवून बसवलेली सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनची पद्धत जवळजवळ जशीच्या तशी लागू पडली. टायटॅनियम जास्त असल्यामुळे केशरी पाण्याची धुणी तेवढी तीनवरून पाचवर न्यावी लागली. मास्टर अ‍ॅलॉयवाल्यांनी या खेपेस पाच वर्षांचा विषय काढला नाही. त्यांनी एका वर्षासाठी ६० किलोची मागणी नोंदवली आणि थोरियमची मर्यादा मात्र पहिल्या पत्रात लिहिली होती तीच ठेवली.