सेवाज्येष्ठतेच्या यादीतून उठलेलं बंड

आमच्या वर्धा-नागपूरकडे पारावर माजी सैनिक बसले की एक वाद हमखास निघतो: राज्यच हुकूमशहाचं असेल तर फौजीने हुकूम पाळायचा का? मला अशा वेळी पोर्तुगाल आठवतो. २५ एप्रिल १९७४. त्या दिवशी तिथल्या कॅप्टनांनी बंड करून हुकूमशाहीच उलथवली.

सुरुवात साध्या तक्रारीतून झाली. जुलै १९७३ मध्ये सरकारने सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांना छोटा कोर्स करून कायम होण्याची मुभा दिली आणि जुन्या कॅप्टनांची ज्येष्ठता मागे पडली. झेडपीच्या मास्तरांना हे दुखणं समजावून सांगायला नको. ९ सप्टेंबरला एव्होराजवळ कॅप्टन जमले. पुढे बोलणं यादीवरून युद्धावर गेलं. पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत, अंगोलात १९६१ पासून, मग गिनी आणि मोझांबिकमध्येही लढाई चालू होती. ती बंदुकीने जिंकता येणार नाही, हे लढणाऱ्यांनाच आधी कळलं.

१६ मार्च १९७४ ला काल्दस दा रायन्या गावच्या छावणीतली तुकडी राजधानी लिस्बनकडे निघाली. एकटीच. बाकीचे हलले नाहीत, तिला वाटेतून परतावं लागलं आणि अटका झाल्या. बंडातले मेजर ओतेलो कार्व्हाल्यो यांनी पुढची आखणी केली ती हीच चूक डोळ्यासमोर ठेवून: सगळ्यांनी एकाच वेळी निघायचं. निरोप फोनवर दिला तर पकडला जाण्याची भीती, म्हणून रेडिओ. २४ एप्रिलला रात्री १०:५५ ला एक गाणं लागलं: तयार राहा. १२:२० ला 'ग्रँडोला, व्हिला मोरेना' लागलं: निघा, आता माघार नाही. गाणं सगळ्या छावण्यांत एकाच क्षणी पोहोचतं, आणि ऐकणाऱ्यावर कोणी संशय घेत नाही.

कॅप्टन साल्गेरो माया सांतारेमहून सुमारे २४० जण घेऊन निघाले. अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, आपलं नागपूर-वर्धा धरा. पहाटे ते लिस्बनच्या नदीकाठच्या चौकात, मंत्रालयांसमोर उभे राहिले. सरकारच्या बाजूचा ब्रिगेडियर रणगाडे घेऊन आला आणि त्याने गोळीबाराचा हुकूम दिला. एका तरुण अधिकाऱ्याने नकार दिला, त्याला अटक झाली. मग हुकूम थेट रणगाड्यातल्या कॉर्पोरलला, जुझे आल्व्हेस कोस्ताला. त्याने आतून झाकण लावून घेतलं. नदीतल्या युद्धनौकेनेही तोफ डागली नाही. माझ्या मते ४८ वर्षांची हुकूमशाही त्या बंद झाकणापाशी संपली. संध्याकाळी पंतप्रधान कायतानो यांनी बंडवाल्यांच्या वतीने आलेल्या जनरल स्पिनोलांकडे सत्ता सोपवली, ती फक्त पूर्तता. त्या दिवशी गर्दीवर गोळ्या झाडल्या त्या गुप्त पोलिसांनी. चार माणसं गेली.

आपल्याला हे जवळचं वाटावं ते गोव्यामुळे. १९६१ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझारने गोव्यातल्या फौजेला शरणागती नाही, मरेपर्यंत लढा, असं बजावलं होतं. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करून माणसं वाचवली आणि त्यापायी त्यांना सैन्यातून काढलं गेलं. कॅप्टनांच्या बंडानंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला, आणि १९७४ च्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं.