क्रॉफिश मातकट का लागतात? पोतं उघडण्यापासून टेबलापर्यंतचा माझा अनुभव

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच वसंतात कुणीतरी क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या लॉबस्टरसारखे नांग्यांचे जीव, खायला बोलावतंच. अंगणात लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं, वर उकडलेल्या लालभडक क्रॉफिशचा ढीग आणि मधूनमधून बटाटे, कणसं, सॉसेज. शेपूट मुरगळून मांस ओढायचं, डोकं चोखायचं, पुढचा उचलायचा. मी कोल्हापूरकडचा, पावसाळ्यात भाताच्या खाचरातले खेकडे खाऊन वाढलेला, त्यामुळे मला संकोच वाटायचं कारणच नव्हतं. इथल्या लाफायेत शहरात दोन-चार घरी जेवल्यावर कोडं पडलं ते वेगळंच. एका घरी क्रॉफिश गोडसर आणि घट्ट लागायचे. दुसऱ्या घरी मसाला तोच, लिंबं तीच, आणि तोंडात मात्र गाळ. कुठे मांस दाताखाली पिठासारखं विरायचं, कुठे डोकं चोखल्यावर अमोनियाचा झटका नाकात जायचा.

विचारलं की उत्तर ठरलेलं: मसाला कमी पडला. मला ते कधी पटलं नाही. मसाला बाहेरच्या पाण्यात असतो, ही चव आतून येत होती.

इथल्या आम्हा मराठी मंडळींनी एकदा स्वतःच उकडायचा बेत केला आणि खरेदीचं काम माझ्याकडे आलं. रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून जाळीचं पोतं घेतलं. ते साधारण ३०-३५ पौंडांचं असतं. त्याच्या ट्रकमध्ये पोती उन्हातच रचलेली. मी शंका काढली तर म्हणाला, "थंडीनं झोपलेत, पाण्यात टाका, जागे होतील." घरी आणून टबात ओतले तर कितीतरी जागे झालेच नाहीत. पैसे परत मिळाले नाहीत, हे सांगायला नकोच.

शेजारचे आजोबा मूळचे ब्रो ब्रिजचे. लुइझियानाच्या विधिमंडळाने १९५९ साली ज्या गावाला 'जगाची क्रॉफिश राजधानी' ठरवलं, ते हे गाव, इथून जवळच. कुंपणापलीकडून ते बघत होते. आत आले, एक मेलेला क्रॉफिश उचलून त्याचं पाठीवरचं कवच उचकटलं आणि कल्ले दाखवले. चांगल्या पाण्यातल्या क्रॉफिशचे कल्ले पांढुरके, पिसासारखे मोकळे दिसतात. याचे काळपट, गाळानं चिकटलेले होते. "हे शिजवून तू काय खाणार?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून पोतं घेण्याआधी मी एक-दोन उघडून बघतो. विक्रेत्याला राग आला तर येऊ दे.

गाळाची ही चव येते कुठून? इथले बरेच क्रॉफिश भातशेतीतले. भात कापला की शरद ऋतूत त्याच वाफ्यांत पाणी सोडतात, बिळांतून माद्या पिल्लांसह बाहेर येतात आणि कुजणाऱ्या पेंढ्यावर सगळी साखळी जगते. पाणी तापलं की पेंढा कुजताना प्राणवायू संपवतो, पाणी काळं पडतं. अशा साचल्या पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, तो याचाच. अंगणात हवाहवासा, ताटात नकोसा. माणसाच्या नाकाला तो पाण्यात अगदी नगण्य प्रमाणातही कळतो. प्राण्याच्या अंगात तो चरबीत साठतो, म्हणून डोक्यातला पिवळा भाग, ज्याला इथे 'फॅट' म्हणतात आणि जो खरं तर यकृतासारखं काम करणारा अवयव आहे, तो सगळ्यात आधी बिघडलेला लागतो. आपल्याकडे तळ्यातल्या रोहू-कटल्याला चिंच किंवा लिंबू लावतात ते शहाणपणाचंच, कारण आंबटात जिओस्मिन टिकत नाही. पण अख्ख्या क्रॉफिशच्या कवचाआड लिंबू कितीसं पोचणार? माझ्या जिभेला तरी फरक जाणवला नाही. तिथे उपाय एकच, पाणी चांगलं असलेल्या शेतावरचा माल घ्यायचा. आता मी थेट शेतकऱ्याला फोन करतो आणि सापळे कधी उपसले ते विचारतो. आज सकाळी म्हणाला तर लगेच निघतो.

मिठाच्या पाण्याचा विषय काढला की इथे भांडणं होतात. उकडण्याआधी मिठाच्या पाण्यात ठेवले की पोटातली घाण ओकून टाकतात, असा घरोघरी समज. एलएसयू ॲगसेंटरचं, म्हणजे लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या कृषी केंद्राचं, म्हणणं आहे की साध्या पाण्यापेक्षा त्याने काही जास्त साधत नाही, आणि माझा अनुभव तोच. पाच-दहा मिनिटांत आतडं रिकामं होत नाही. त्यासाठी स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवावं लागतं, एक-दोन दिवस. काही व्यावसायिक तसं करतात आणि तो माल थोडा महाग मिळतो. घरी फक्त वरचा चिखल निघतो, तर तो नीट काढावा. मी टबात ओततो, पाइपने पाणी सोडतो, हलक्या हाताने ढवळतो, गढूळ पाणी ओतून देतो आणि वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत हेच चालू ठेवतो. घाई करण्याची जागा ही नाही.

पण धुतल्यावर त्यांना पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत. हे मला नव्याने कळलं. क्रॉफिशचे कल्ले ओले असले की तो हवेतही श्वास घेतो. टबातल्या स्थिर पाण्यात मात्र शेकडो जीव मिळून प्राणवायू संपवतात आणि गुदमरून मरतात. म्हणून ओलं गोणपाट, त्याखाली पोतं, वर पिशवीत बांधलेला बर्फ, कूलरच्या तळाचं बूच उघडं आणि झाकण जरासं फटीएवढं वर. वितळलेलं पाणी वाहून गेलं पाहिजे.

मग निवडणं. हे काम आमच्याकडे बायका-पोरांसह सगळे मिळून करतात, गप्पा मारत, तांदूळ निवडावेत तसं. गारठलेले क्रॉफिश सुस्त असतात, म्हणून सावलीत थोडा वेळ ठेवून मगच निकाल द्यायचा. नांग्या लोंबत्या आणि हात लावला तरी हालचाल नाही, तर फेकायचा. मेल्यावर त्या पिवळ्या अवयवातले पाचक रस मोकळे सुटून शेपटीचं मांस खायला लागतात, त्यातूनच ती पिठूळ चव. आमच्या आईचा नियम होता, मेलेला खेकडा उंबरा ओलांडत नाही. तो इथे जसाच्या तसा लागू पडतो.

उकडल्यावर शेपूट सरळ राहिलेला क्रॉफिश आधीच मेलेला होता, असं पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. ते तितकंसं खरं नाही. भांड्यात खच्चून भरले तर जिवंतांनाही शेपूट वळवायला जागा मिळत नाही. मी सोलून मांस बोटाने दाबून बघतो. घट्ट असेल तर खातो.

शिजवण्यावर फार लिहिण्यासारखं नाही. मीठ, मसाला, लिंबू, लसूण, कांदा आणि बटाटे आधी उकळतात. क्रॉफिश टाकल्यावर उकळी परत आली की तीन-चार मिनिटांत गॅस बंद. जास्त उकळले की मांस कवचाला चिकटतं. मग गोठवलेली कणसं टाकायची आणि भांड्याला बाहेरून पाइपचं पाणी मारायचं, म्हणजे शिजणं थांबतं आणि मसाला आत मुरत राहतो. वीस मिनिटांनी एक चाखायचा, कमी वाटलं तर आणखी दहा. एकाच पाण्यात पोत्यामागून पोतं उकडायचं असेल तर वरचा फेस काढत राहावा. तिसऱ्या खेपेचं पाणी मी ओतूनच देतो, मसाला वाया गेला तरी. आणि उकडलेला माल जिवंत माल ठेवलेल्या कूलरमध्ये कधीही परत टाकायचा नाही. तिथे चवीपेक्षा पोटाचा प्रश्न असतो.

मार्च ते मे हे खरे दिवस. जून उजाडला की कवचं जाड होतात, पाणी तापतं, शेतं रिकामी होऊ लागतात. मग मी पोतं आणत नाही. फ्रीजरमधलं सोललेलं मांस काढून एटुफे, म्हणजे भातावर घ्यायचा इथला दाट रस्सा, करतो. त्यात अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला पडतो, आणि हे शेजारच्या आजोबांना अजून सांगितलेलं नाही.