नव्या घोडीसाठी झूल निवडताना : निफाडच्या थंडीतला माझा अनुभव

सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो. त्यामुळे तिथे घेतलेलं घोडं घरी येतं ते ऐन थंडीच्या तोंडावर. आमची मैनाही तशीच आली. मारवाडी घोडी, कुमैत म्हणजे लालसर तपकिरी रंग, उंची ५८ इंच, कातडी पातळ आणि केस इतके बारीक की उन्हात उभी केली की मानेवरची शीर न् शीर दिसते. तापीकाठच्या त्या बाजारात दात, खूर, अंगावरचे केसांचे भोवरे पाहून झाले, रेवाल (न हिंदकळणारी भरभर) चाल चालवून झाली, शेंबा या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा कागद हातात आला. सौदा ठरल्यावर मी व्यापाऱ्याला पहिला प्रश्न केला : रात्री हिच्या अंगावर काय असतं?

हा प्रश्न नवं घोडं घेणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असं मला मनापासून वाटतं. मैना राजस्थानातल्या बाडमेरकडची. तिकडे रात्री तिला गोधडीसारखी जाड झूल घालत, पण बाजारात आणल्यापासून उघडीच होती. या एवढ्या माहितीने पुढचं बरंच ठरलं. दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर हिवाळी केस येतात, पण सतत झुलीत राहिलेल्या घोड्याचे केस त्या मानाने कमीच वाढतात. म्हणजे हिच्याजवळ स्वतःचं पांघरूण थोडं, त्यात प्रवास आणि बाजाराची दगदग, बरगड्या हाताला लागत होत्या. अशा जनावराला आपल्याकडे एकदम उघडं ठेवून चालणार नव्हतं.

आता आपल्याकडची थंडी. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो. पाच-सहा अंशांवर तो उतरतोच, कधी त्याच्याही खाली जातो. द्राक्षबागा वाचवायला आम्ही पहाटे बांधावर शेकोट्या पेटवतो. पण त्याच दिवशी दुपारी दोनला अंगात स्वेटर नको होतो, पारा सत्तावीस-अठ्ठावीसच्या घरात. परदेशी घोड्यांच्या झुलींबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक दिवसभर गारठा, पाऊस आणि चिखल असणाऱ्या मुलखाचं असतं. तिथे घोडं अख्खा दिवस झुलीत राहू शकतं. आपल्याकडे रात्र आणि दुपार यांत वीस अंशांचं अंतर. त्यामुळे झूल किती जाड घ्यायची याच्याआधी मी ठरवलं की जी झूल सकाळी वेळेवर उतरवता येईल आणि जिच्या आत घाम कोंडणार नाही, तीच घ्यायची.

पशुवैद्य डॉक्टरांनी तर झुलीच्या आधी चाऱ्यावर बोट ठेवलं. घोड्याच्या आंधळ्या आतड्यात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) चारा आंबतो आणि त्यातून सतत उष्णता तयार होते, म्हणून रात्रभर चघळायला कोरडा चारा असलेलं घोडं आतून ऊबदार राहतं. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे मैनासारख्या साडेतीनशे किलोच्या घोडीला पाच ते सात किलो. त्यातला मोठा वाटा आम्ही संध्याकाळी टाकायला लागलो. चंदी (दाण्याचा खुराक) वाढवली की अंगात ऊब येते असं आमच्याकडे सगळे म्हणतात, पण दाणा लवकर पचून संपतो, रात्रभराचं काम गवत आणि कडबाच करतो. पाणीही कोमट द्यायला सांगितलं. गार पाणी घोडं कमी पितं, आणि कोरड्या चाऱ्यावर पाणी कमी पडलं की पोटशूळाची भीती. थंडीला सरावलेलं, कोरड्या अंगाचं, धडधाकट घोडं साधारण पाच अंशांपर्यंत फारसा त्रास न होता निभावून नेतं, असंही डॉक्टर म्हणाले. मैना यातल्या धडधाकट या शब्दात अजून बसत नव्हती.

मग माप. छातीच्या मधोमध टेप धरायची, खांद्याच्या सर्वांत फुगीर भागावरून सरळ मागे न्यायची आणि शेपटीच्या कडेपाशी थांबवायची. घोडं चारी पायांवर सरळ उभं हवं, मान समोर. काका (आमच्याकडे घोडी सांभाळतात ते) तोबरा धरून उभे राहिले आणि मी टेप नेली. ६८ इंच भरलं. तयार झुली तीन-तीन इंचांच्या टप्प्याने मिळतात, त्यामुळे ६९ ची घ्यायची ठरली. पाच-सहा इंच मोठी घेतली की ती मागे घसरते आणि मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो त्याच्यावर रात्रभर ओढ बसते. लहान घेतली तर खांदे घासून केस जातात. नव्या घोडीचं वजन वाढेल म्हणून वाढत्या अंगाची घ्या, असं पुष्कळांनी सुचवलं. पण घोड्याची लांबी हाडावर ठरते. चार-पाच वर्षांच्या घोडीचं पोट भरेल, पाठ काही लांब होणार नाही.

आता प्रत्यक्ष निवड. सारंगखेड्याच्या दुकानांतून मखमलीची, आरसे आणि गोंडे लावलेली झूल हौसेने घेतलीच होती. ती मिरवणुकीची. आत जाड कॅनव्हास आणि वर मखमल, घाम शोषायची सोय नाही, पाठीवर बसायला आकार नाही. थंडीसाठी ती बाजूला ठेवली.

शेजारच्या बागवाल्यांनी द्राक्षावर टाकायचं प्लास्टिक कव्हर देऊ केलं. वारा आणि दव दोन्ही अडेल हे खरं, पण घोड्याच्या अंगातून निघणारी वाफ बाहेर जाणार कुठून? आतून ओलं झालेलं अंग पहाटेच्या गारठ्यात उघड्या अंगापेक्षाही वाईट. घोड्याचे केस थंडीत उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा धरून ठेवतात, गोधडीच्या थरांत धरून राहते तशी. केस ओले झाले की ते चपटे बसतात आणि ती हवाच निघून जाते. प्लास्टिक मी तिथेच नाकारलं.

काकांचा कौल गोणपाटाला होता. त्यांच्या वडिलांच्या काळापासून टांग्याच्या घोड्याला दुहेरी गोणपाट शिवून घालायचे. गोणपाटातून हवा खेळते, तो स्वस्त आहे, फाटला तर सुईदोऱ्याने सांधता येतो. त्याचा दोष एकच, तो पाणी धरतो. आणि आमच्या तबेल्याला पत्र्याचं छप्पर. रात्री पत्रा गार पडतो, जनावराच्या श्वासाची वाफ त्याला लागते आणि पहाटे थेंब गळू लागतात. मी चारच्या सुमाराला टॉर्च घेऊन गेले तर कडेच्या पत्र्याखाली मैनाच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे पाठीच्या मागच्या भागावर, ओळीने थेंब पडत होते आणि त्या जागची कातडी थरथरत होती. ते पाहिल्यावर वरचं कापड पाणी झटकणारं हवं हे पक्कं झालं. छपराला आम्ही आतून जुनी शेडनेट ताणून बांधली, त्यावर थेंब अडतात. उत्तरेकडच्या उघड्या बाजूला गोणपाटाचा पडदा सोडला. वारा अडला की निम्मी थंडी कमी होते. दोन्ही कामं घरातल्याच सामानात झाली.

तयार झूल कानपूरची मागवली. घोड्याचं खोगीर-सामान तिकडे पिढ्यान्‌पिढ्या बनतं आणि परदेशीही जातं, त्यामुळे झुलींवर परदेशी पद्धतीचे आकडे असतात. ते समजून घ्यायला हवेत. डेनिअर म्हणजे वरच्या कापडाच्या धाग्याची जाडी : ६०० डेनिअर तबेल्यात चालतं, काटेरी कुंपण आणि मोकळ्या रानासाठी १२०० लागतं. ग्रॅम म्हणजे आत भरलेल्या थराचं दर चौरस मीटरचं वजन : शून्य ग्रॅम म्हणजे नुसतं कापड, मग १००, २००, ३००. दुकानदार फोनवर ३०० चा आग्रह धरत होता, कारण मी निफाडची थंडी असं म्हटलं होतं. मी १०० ग्रॅमची, ६०० डेनिअरची, पाणी न झिरपणाऱ्या पण हवा खेळू देणाऱ्या कापडाची घेतली. साडेतीन हजारांच्या आत आली. ३०० ग्रॅमची झूल रात्री दहाला जड होते आणि सकाळी आठला तिच्यात घाम येतो. तिचा उपयोग वर्षातून मोजक्या पहाटे.

त्या मोजक्या पहाटेंसाठी घोंगडी काढली. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, काळी, जड. लोकर ओल पिते तरी ऊब सोडत नाही, हे तिचं मोठेपण. बाजारात ताडपत्र्या शिवणारे मामा आहेत, त्यांच्याकडे घोंगडी आणि मापाचा कागद घेऊन गेले. “मामा, खालून मांजरपाटाचं अस्तर लावा, लोकर टोचायला नको.” त्यांनी घोंगडी हातात चुरगाळून पाहिली. म्हणाले, “ताई, अस्तर लावतो, पण पाठीच्या मधोमध शिवण नको. तिथं दोरा बोचला तर जनावर उभं राहत नाही.” ही गोष्ट मला कुठल्याच माहितीपत्रकात मिळाली नव्हती. त्यांनी दोन्ही जोड बरगड्यांच्या बाजूला घेतले, खांद्याजवळ आतून सॅटिनचा तुकडा लावला म्हणजे केस घासले जात नाहीत, आणि पोटाखालच्या पट्ट्यांना जागोजाग सरकत्या कड्या बसवल्या. ही घोंगडी कानपूरच्या झुलीखाली घालायची, वेगळी नाही.

पट्ट्यांबद्दल थोडं आग्रहाने लिहिते. जुन्या पद्धतीत झुलीवरून तंग (पाठ-पोटाभोवतीचा पट्टा) आवळतात. त्याचा दाब थेट कण्यावर येतो, आणि रात्रभर दाब राहिला की पाठ धरते. पोटाखालून एकमेकांना छेदणारे दोन पट्टे असले की झूल जागेवर राहते आणि आवळावी लागत नाही. पट्टा आणि पोट यांत तळहात आडवा सहज जावा. त्याहून सैल ठेवला तर बसताना-उठताना मागचा पाय अडकू शकतो.

मैनाला नवी झूल लगेच मानवली नाही. कापडाची सळसळ ऐकून तिचे आत वळलेले कान एकदम मागे गेले. काकांनी झूल घडी करून तिच्या दावणीवरच टाकून ठेवली आणि तिच्याजवळ चारा टाकला. मैना आधी लांबून फुरफुरली, मग झूल नाकाने ढोसली, मग तिच्यावरून तोंड फिरवून चारा खाऊ लागली. दुसऱ्या दिवशी तीच घडी खांद्यावर ठेवली, काढली, परत ठेवली. घालताना झूल थोडी पुढे, मानेकडे टाकायची आणि केसांच्या दिशेने मागे सरकवायची, म्हणजे खालचे केस उलटे होत नाहीत. आधी छातीचे बंद, मग पोटाचे. उतरवताना उलट, छातीचे शेवटी. घोडं मध्येच बिचकलं तरी झूल मागे घसरून पायांत येत नाही.

थंडी वाजते का हे बघायला लोक कान चाचपतात. कान गार असले तरी अंग ऊबदार असू शकतं. मी हात झुलीखाली, खांद्याच्या मागे घालते. कातडी कोमट आणि कोरडी लागली तर ठीक. दमट लागली तर एक थर कमी. अंग आखडून, शेपूट दाबून उभी असेल तर घोंगडी. नॉर्वेमध्ये संशोधकांनी २३ घोड्यांना खुणांचे फलक नाकाने दाखवायला शिकवलं होतं : झूल घाला, झूल काढा, आहे तसंच राहू द्या. ते २०१६ साली प्रसिद्ध झालं. ओल्या, गार, वाऱ्याच्या दिवशी घोडे झूल मागत आणि हवा चांगली असली की काढायला सांगत. मला हे वाचून फार आनंद झाला. फलक नसले तरी मैना सकाळी ऊन अंगावर आलं की मान वळवून छातीच्या बंदाला दात लावते, आणि मी त्याच वेळी झूल उतरवते. मग खरारा, मग ऊन. झूल दोरीवर, अस्तर वर करून.

दुसऱ्याच्या घोड्याची वापरलेली झूल फुकट मिळत होती. ती घेतली नाही. कातडीची बुरशी कापडातून सहज येते आणि नव्या घोडीच्या अंगावर आधीच प्रवासातल्या दोरांचे ओरखडे होते.

संक्रांतीनंतर घोंगडी लागली नाही, महाशिवरात्रीपर्यंत रात्री फक्त कानपूरची झूल राहिली. तोवर बरगड्या हाताला लागायच्या थांबल्या होत्या. झूल धुताना कपड्यांची पावडर वापरली नाही, तिने पाणी झटकणारा लेप जातो. गार पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. घोंगडी नुसती झटकून दोन दिवस उन्हात टाकली. दोन्ही आता कडुलिंबाच्या पाल्यासकट पोत्यात बांधून आढ्याला टांगलेल्या आहेत, खाली ठेवल्या तर उंदीर अस्तर कुरतडतात. पोटाच्या एका पट्ट्याची कडी झिजली आहे, ती दिवाळीच्या आत मामांकडून बदलून घ्यायची. येत्या हिवाळ्यात डिसेंबर लागेपर्यंत मैनाला उघडीच ठेवायचा विचार आहे, म्हणजे तिचे स्वतःचे केस वाढतील. ते कितपत भरतात ते पाहून घोंगडी खाली काढायची की नाही हे ठरेल.