दिल्लीच्या गॅलरीत आपले दोघं

नागपूरचे लोक दिल्लीला गेले की इंडिया गेटवर फोटो काढतात आणि अगदी जवळ असलेलं जयपूर हाऊस सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटते. तिथे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे, १९५४ पासून, आणि तिच्या संग्रहात आपल्या गावाशी नातं असलेले दोन मोठे चित्रकार आहेत.

एक सय्यद हैदर रझा. मंडल्याकडचे, वडील जंगल खात्यात, आणि चित्रकलेचं पहिलं शिक्षण कुठे, तर नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये, १९३९ ते ४३. मग मुंबई, मग १९५० ला पॅरिस, त्यांच्या चित्रांतला तो प्रसिद्ध बिंदू वगैरे सगळं नंतरचं.

दुसरे वासुदेव गायतोंडे, जन्मच नागपूरचा, १९२४ चा. शिकले मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टला, शेवटी दिल्लीत राहायचे, २००१ मध्ये गेले. रोलर आणि पॅलेट नाइफनं थरावर थर रंग द्यायचे, काही जागी काढूनही टाकायचे, म्हणून चित्राच्या आतून उजेड येऊन राहिला असं वाटते आणि हे मोबाईलवर काही केल्या कळत नाही, समोर उभंच राहावं लागते, पाच-दहा मिनिटं तरी. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे हा माणूस, ते का, हे तेव्हा समजते.

अमृता शेरगिलची चित्रं मात्र चुकवू नका हो. शंभराच्या वर आहेत तिथे. १९३५ चं ते तीन मुलींचं चित्र, तिघी बसल्यात, कोणी कोणाशी बोलत नाही, नजरा खाली, आणि काढणारी पोरगी तेव्हा बावीस वर्षांची! अठ्ठाविसाव्या वर्षी लाहोरला वारलीसुद्धा.

संग्रहात सतरा हजारांवर कलाकृती आहेत, त्यामुळे सगळं एकाच वेळी भिंतीवर नसते, हे धरूनच जा. मुंबई आणि बंगळुरूला या गॅलरीच्या शाखा आहेत. नागपूरला शाखा नाही तर नाही, पण रझा आणि गायतोंडे यांची चार चित्रं महिनाभर आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, यावी असं मला फार वाटते, सिव्हिल लाइन्सच्या शाळेतली पोरं पायी जाऊन बघतील ना.

तोवर दिल्लीला जायला जीटी एक्स्प्रेसचं तिकीट काढताना सोमवार टाळा, गॅलरी बंद असते.