फायबरग्लासच्या आतले लोखंड

१९५० च्या दशकातील अमेरिकन स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला माणूस बहुधा १९५७ च्या फ्युएल इंजेक्शनवाल्या कॉर्व्हेटपासून सुरुवात करतो, आणि माझ्या मते फसगत होण्याची सर्वांत मोठी शक्यताही तिथेच असते. त्या वर्षी शेव्हरोलेने ६,३३९ कॉर्व्हेट बनवल्या आणि त्यांपैकी केवळ १,०४० गाड्यांना रोचेस्टर बनावटीचे फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी यंत्रणा, होते. ते नीट लावून देणारे मेकॅनिक त्या काळी फारसे नव्हते, त्यामुळे वैतागलेल्या अनेक मालकांनी ते काढून साधे कार्ब्युरेटर बसवून घेतले. पुढे किमती चढल्या तशी गंगा उलटी वाहू लागली आणि ज्या गाड्यांना हे इंजेक्शन कारखान्यात कधी लागलेच नव्हते, त्यांच्या बॉनेटखालीही ते दिसू लागले.

ही लबाडी पकडणे अवघड जाते, कारण त्या काळची कॉर्व्हेट स्वतःबद्दल फार थोडे सांगते. रंग आणि आतील सजावट यांचे संकेतांक देणारी पट्टी कॉर्व्हेटवर १९६३ पासून आली. त्याआधीच्या गाडीवर फक्त अनुक्रमांकाची पट्टी असते आणि तिच्यावरून वर्ष, सेंट लुईसचा कारखाना आणि गाडीचा क्रम एवढेच कळते. (१९५५ च्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ गाड्यांच्या क्रमांकाआधी ‘व्ही’ हे अक्षर आहे, तो अपवाद.) म्हणून सगळी भिस्त इंजिनावर येते. उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट जागा असते, तिथे इंजिन जुळवल्याची तारीख आणि प्रकार सांगणारी अक्षरे ठोकलेली असतात. त्या जागेवर कारखान्यातील यंत्राच्या बारीक समांतर रेषा दिसायला हव्यात. जागा घासून नवी अक्षरे ठोकली असतील तर त्या रेषा गेलेल्या किंवा भलत्याच दिशेच्या असतात. ब्लॉकच्या ओतकामाची तारीख आधीची, इंजिन जुळवल्याची नंतरची आणि गाडी तयार झाल्याची त्याहून नंतरची, हा क्रमही जुळला पाहिजे. याबाबतीत फोर्ड मला अधिक शहाणी वाटते. १९५७ च्या थंडरबर्डच्या क्रमांकाचे पहिलेच अक्षर इंजिन सांगते: ‘ई’ म्हणजे दोन कार्ब्युरेटरचे ३१२ घनइंची इंजिन आणि ‘एफ’ म्हणजे इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा सुपरचार्जर. त्या वर्षीच्या २१,३८० थंडरबर्डपैकी सुपरचार्जरच्या गाड्या सुमारे दोनशेच होत्या, तेव्हा ‘डी’ने (एकाच कार्ब्युरेटरचे ३१२ घनइंची इंजिन) सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या गाडीवर सुपरचार्जर दिसला तर तो बहुधा नंतर बसवलेला आहे, हे गाडी सुरू न करताही कळते.

यानंतर गाडी लिफ्टवर चढवायला सांगावे आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर सरळ निघून यावे. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे तिला गंज लागत नाही, हे वाक्य प्रत्येक विक्रेता ऐकवतो आणि ते खरेही आहे. पण ती बॉडी ज्यावर उभी आहे ती चेसिस लोखंडाची आहे, आणि मागच्या अ‍ॅक्सलवर जिथे ती वर वळते तिथे माती आणि ओल साचून ती आतून पोखरली जाते. वरचा रंग आरशासारखा असताना खालची चेसिस स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचली जावी, असे होऊ शकते. जुन्या अपघाताचा मागोवाही खालूनच लागतो. चाकांच्या खाचांच्या आतून पाहिले असता फायबरग्लासचे भाग जोडणाऱ्या पट्ट्या दिसतात. साच्यात दाबून केलेले मूळ भाग दोन्ही बाजूंनी बरेच गुळगुळीत असतात, तर हाताने केलेल्या दुरुस्तीत काचेच्या धाग्यांची खडबडीत जाळी उघडी पडते. थंडरबर्डची बॉडी मात्र अस्सल पत्र्याची आहे, त्यामुळे तिला लोहचुंबक लावून पाहावा. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

कागदपत्रांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि नुकसान मात्र तिथेच सर्वांत मोठे होते. सतरा अंकी अनुक्रमांक अमेरिकेत १९८१ पासून आला, त्यामुळे नेहमीचे इतिहास-अहवाल या गाड्यांबाबत निरुपयोगी ठरतात. टायटलवरचा (म्हणजे मालकीच्या सरकारी दाखल्यावरचा) क्रमांक, दाराच्या खांबावरची पट्टी आणि चेसिसवर ठोकलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा लागतो, शिवाय टायटलवर कर्जाचा बोजा नाही ना, हेही. न्यूयॉर्कसारख्या राज्यात १९७२ पर्यंतच्या गाड्यांना टायटल नसते, हस्तांतरणीय नोंदणीपत्रच चालते. अशी गाडी दुसऱ्या राज्यात नेताना तिथल्या कार्यालयात आधी चौकशी करावी. कॅन्ससमधले एक प्रकरण तर प्रत्येक ग्राहकाने वाचावे असे आहे. १९५९ ची एक कॉर्व्हेट रीतसर पैसे देऊन घेतलेल्या माणसाकडून पोलिसांनी जप्त केली, कारण रिस्टोरेशनच्या वेळी क्रमांकाची पट्टी काढून पुन्हा बसवलेली होती. मालकाचा काडीचाही दोष नसताना गाडी वर्षानुवर्षे अडकून पडली आणि अखेर २०२२ मध्ये राज्याला कायदाच बदलावा लागला. पट्टीचे रिव्हेट तपासणे म्हणजे कीस पाडणे नव्हे.

गाडी कुठे शोधावी याबद्दल माझे मत थोडे एककल्ली आहे. अ‍ॅरिझोनातील स्कॉट्सडेल किंवा फ्लोरिडातील किसिमीचे जानेवारीतील लिलाव पाहायला जरूर जावे, पण पहिली गाडी तिथे घेऊ नये. गाडी चालवून पाहता येत नाही, वेळ मिळत नाही आणि बोलीवर खरेदीदाराचे शुल्क वेगळे चढते. त्यापेक्षा पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलचा ऑगस्टमधील कॉर्व्हेट मेळावा किंवा तिथल्याच हर्शीचा ऑक्टोबरमधील जुन्या गाड्यांचा मेळावा बरा, कारण तिथे मालक स्वतः गाडीजवळ उभा असतो आणि त्याला वाटेल ते विचारता येते. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीकडून गाडीचे परीक्षण झालेले असेल तर परीक्षकांचे गुणपत्रक मागून घ्यावे. पुरस्कारापेक्षा कापलेल्या गुणांची कारणे अधिक बोलकी असतात.

मला स्वतःला निवडायला सांगितले तर मी १९५४ ची कॉर्व्हेट घेईन. १९५३ च्या अवघ्या ३०० गाड्या फ्लिंटमध्ये बनल्या, त्यांची किंमत संग्राहकांनी केव्हाच हाताबाहेर नेली. १९५४ च्या ३,६४० गाड्यांचे रूप जवळजवळ तेच आहे. सहा सिलिंडरचे इंजिन आणि दोन गतींचा पॉवरग्लाइड हा स्वयंचलित गिअरबॉक्स यांना शर्यतीच्या शौकिनांनी तेव्हाही नाके मुरडली, वर्षअखेरीस बऱ्याच गाड्या विकल्यावाचून पडून राहिल्या, आणि आजही तोच कमीपणा तिची किंमत आटोक्यात ठेवतो. इंजिन एकाच जातीचे असल्यामुळे नसलेल्या इंजेक्शनची नक्कल करण्याचा मोहही विक्रेत्याला होत नाही. मडगार्डमध्ये सरकणाऱ्या दारांची कायझर डॅरिन मला अधिक देखणी वाटते, पण तिच्या ४३५ गाड्याच निघाल्या. कॉर्व्हेटचा बहुतेक प्रत्येक सुटा भाग आज नव्याने बनवून मिळतो, डॅरिनचा एखादा निखळलेला भाग मिळवायचा तर तिच्या दुसऱ्या मालकांनाच गाठावे लागते.